खरा आजारी

डोळ्यात कण गेला की आधी म्हाताऱ्याला हाक मारायची, ही खाणीवरची जुनी रीत होती. दगड फोडणाऱ्याच्या डोळ्यात कण जायचाच, त्याचं कोणाला नवल नव्हतं. म्हातारा मग समोरच्याला उजेडाकडे तोंड करून बसवी, अंगठ्यानं वरची पापणी उलटी करी आणि जिभेच्या शेंड्यानं कण टिपून बाजूला थुंकून टाकी. या कामासाठी त्याची जीभ आसपासच्या सगळ्या खाणींवर नावाजलेली होती. घरात मात्र त्याच जिभेला कोणी नावाजत नसे, कारण ती दिवसभर सरकारची तरफदारी करत असे. गावानं त्याचं नावच मुळी ‘सरकार’ पाडलं होतं. दिवे गेले की लोक मुद्दाम त्याच्या अंगणावरून जात आणि विचारत, काय सरकार, आज कुठं गेलात?

सोमवारी सकाळी हाक आली ती त्याच्या मुलाची. पावसाच्या आत घरं उभी करायची म्हणून लोकांची घाई चालली होती, आणि अंगणात मास्तरांच्या घराचा उंबरा आडवा पडला होता. मुलगा त्याची कड काढत होता. छिन्नीवर हातोड्याचा घाव पडला, नेहमीपेक्षा कोरडा आवाज झाला, आणि मुलगा हातोडा खाली ठेवून उकिडवा बसला.

“आबा, बघा जरा.”

म्हाताऱ्यानं पाहिलं. बुबुळाच्या कडेला टाचणी टोचावी एवढा लाल ठिपका होता. त्यानं पापणी उलटी केली, जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. जिभेला काही लागलं नाही. एकदा लागलं नाही की कण पाण्याबरोबर वाहून गेला असं समजायचं, हा त्याचा साठ वर्षांचा अनुभव. उद्यापर्यंत येईल बाहेर, असं म्हणून त्यानं ओलं फडकं बांधलं. मुलानंही मान डोलावली आणि उरलेल्या डोळ्यानं दुपारपर्यंत कड काढली. मास्तर संध्याकाळी गाडी घेऊन येणार होते.

मंगळवारी डोळा सुजला. बुधवारी मुलगा अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला, कारण दारातून येणारा उजेडही त्याला सोसवेना. तो कण्हला नाही. कण्हायची त्याला सवय नव्हती. पण त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या सुनेनं पाहिल्या, आणि चुलीवरचं भांडं उतरवून ती म्हणाली, चला दवाखान्यात.

दवाखाना गावाच्या टोकाला, सडकेला लागून. दोन वर्षांपूर्वी बांधला. बारा खाटा, एक डॉक्टर, एक नर्सबाई, एक शिपाई, आणि दारावर केवढी तरी पाटी. उद्घाटनाच्या दिवशी म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्यावरून लोक महिनाभर त्याला हसले होते. लोकांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं असं नाही, पण ऐकून ऐकून ती गोष्ट त्यांना शिळी झाली होती. म्हातारा नऊ वर्षांचा असताना गावात पटकी आली. घरटी एक तरी माणूस गेलं. तेव्हा सायकलवर औषधाची पेटी बांधून एक सरकारी माणूस आला आणि शाळेच्या ओसरीवर बारा दिवस राहिला. स्वतः पाणी उकळायचा, स्वतः चमच्यानं पाजायचा. म्हाताऱ्याची आई त्यानं एक दिवस आणि एक रात्र चमच्या चमच्यानं ओढून परत आणली. जाताना लोकांनी काही देऊ केलं तर तो म्हणाला, मला सरकार पगार देतं. एवढं एक वाक्य म्हाताऱ्याला जन्मभर पुरलं. त्या एका सायकलवाल्याच्या पुण्याईवर पुढं किती जणांनी खुर्च्या उबवल्या, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं दर वेळी तो सायकलवालाच उभा राही.

बुधवारी दवाखान्याला रंग लावणं चाललं होतं. शिपाई नव्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्यानं सांगितलं, डॉक्टर येतील, बसा. दीड तासानं नर्सबाई आली. तिच्याकडे आसपासच्या बावीस वाड्या होत्या आणि चपलेला जागोजागी टाके. तिनं बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला, आणि तिचं तोंड उतरलं. तिनं थेंबांची बाटली दिली, रजिस्टरात नाव लिहिलं, आणि म्हणाली की हे डॉक्टरांनीच बघायला हवं. डॉक्टर शुक्रवारी नक्की येणार, कारण शुक्रवारी वरून तपासणी आहे. डोळे तपासायचा दिवाही आलाय. मग शिपाई कुंड्यांकडे वळल्याचं पाहून ती सुनेच्या कानाशी लागली.

वाटेत सुनेनं ते सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, माझा सख्खा भाऊ असता तर मी त्याला उद्याच शहराच्या साडेनऊच्या गाडीत घातलं असतं.

म्हातारा वाटेतच थांबला. त्याचं म्हणणं काही अगदीच वेड्याचं नव्हतं. शहर चार तासांवर. तिथला मोठा दवाखाना म्हणजे रांगेत दोन दिवस जाणार, जिन्यात झोपायचं, ओळख ना पाळख. इथं परवा डॉक्टर येतोय, दिवा आलाय, वर साहेबही येतोय. घोडामैदान जवळ असताना पोराला डोळा बांधून चार तास खड्ड्यांतून कशाला हादरवायचं?

“मामंजी,” सून म्हणाली, “भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.”

म्हाताऱ्याला राग आला. तो म्हणाला की आधी कोणावर भरवसा टाकायला शिका आणि मग म्हणी सांगा. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा बरा डोळाही पाण्यानं भरला होता. बापाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, आणि आता मोडायला अंगात जोरही नव्हता. तो म्हणाला, “आबा म्हणतात तर थांबू.”

ते थांबले. साडेनऊची गाडी गुरुवारी वेळेवर आली आणि वेळेवर गेली.

गुरुवारी दुपारी मेंबर आला. मेंबर म्हणजे गावातला एकच माणूस, ज्याच्या शर्टाला घडीच्या रेघा असत. अंगणातल्या एका दगडावर रुमाल टाकून तो बसला. त्याची अडचण साधी होती. खाटा बारा, आजारी एकही नाही. म्हणजे आजारी गावात पुष्कळ होते, पण दोन वर्षं डॉक्टर बहुतेक दिवस नसल्यामुळं ते दवाखान्याकडे फिरकत नव्हते. साहेबानं रिकाम्या खाटा पाहिल्या तर दवाखाना उचलून दुसऱ्या गावाला नेतील. तेव्हा उद्या बारा जणांनी खाटांवर पडायचं. जेवण मिळेल, चादर घरी न्यायची. पहिल्या खाटेवर मात्र तुम्हीच हवेत, सरकार. साहेब पहिल्या खाटेशीच बोलतात, आणि सरकारबद्दल चांगलं बोलायला तुमच्या तोंडाची सर गावात कोणाला आहे?

म्हाताऱ्याला ते आवडलं नाही. पण त्याच्या डोक्यात एक गणित जुळलं: आपण आत असलो तर पोरगा बाहेर राहणार नाही. तो म्हणाला, मी येतो, पण माझ्या मुलाचा डोळा डॉक्टरनं आधी बघायचा. तो खरोखरचा आजारी आहे. मेंबर हसला आणि म्हणाला, मग तर सोन्याहून पिवळं, घेऊन या.

मेंबर गेल्यावर म्हातारा भात्यापाशी बसला. छिन्न्यांना धार लावणं आणि त्यांची डोकी साफ करणं हे त्याचं काम. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं पसरतं, त्याला झालर सुटते, ती झालर आठवड्याला तापवून तोडावी लागते. नाही तोडली तर एखाद्या घावाला तिचा तुकडा गोळीसारखा उडतो. दगडफोड्याच्या घरात लहान मूलही हे जाणतं. पण गेल्या आठवड्यात दोन दुपारी म्हातारा मेंबरच्या ओट्यावर आरोग्य योजनेचं भाषण ऐकायला गेला होता, आणि छिन्न्या तशाच राहिल्या होत्या.

सोमवारची छिन्नी त्यानं हातात घेतली. झालरीला एका जागी ताजी खोक पडली होती. आत लोखंड चकचकत होतं.

म्हणून जिभेला काही लागलं नव्हतं. दगडाचा कण वर राहतो, खुपतो, पाण्यानं निघतो. लोखंड आत जातं आणि तिथं गंजतं.  सूर्य खाली गेला होता, गाडी आता सकाळीच. उठून आत जावं आणि सांगावं असं त्याला दोनदा वाटलं. दोन्हीदा तो बसून राहिला. शेवटी त्यानं ती छिन्नी कोळशांच्या टोपलीत खाली दडपून टाकली. माणूस साठ वर्षं शहाणा म्हणून वावरला की एक चूक कबूल करायला त्याची जीभ उचलत नाही, मग ती जीभ कितीही नावाजलेली असो.

शुक्रवारी सकाळी आठला तिघं दवाखान्यात पोचले. आत जत्रा भरली होती. गाद्या मेंबरच्या मंगल कार्यालयातून आल्या होत्या, चादरींच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. डॉक्टर खरंच आला होता. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, घामाघूम. हातात कागद धरून तो खाटांवर आजार वाटत होता. ताप सगळ्यांना हवा होता, जुलाब कोणालाच नको. शिंपी म्हणत होता, माझी सोयरीक ठरायची आहे, मला काहीतरी साधं द्या. न्हावी आधीच घोरत होता, त्याला अर्धांगवायू दिला. म्हाताऱ्याच्या वाट्याला दमा आला. साहेब आले की खोकायचं, डॉक्टर म्हणाला. दगडाची धूळ खाऊन म्हातारा वीस वर्षं खोकतच होता, पण ते विचारायला डॉक्टरला सवड नव्हती.

“आधी मुलाचा डोळा,” म्हातारा म्हणाला.

डॉक्टरनं दारातच फडकं दोन बोटांनी उचललं आणि लगेच सोडलं. फडक्याखाली पिवळं पाणी होतं. त्यानं मेंबरला बाजूला घेतलं. म्हातारा फार लांब नव्हता, त्याला सगळं ऐकू आलं. डॉक्टर म्हणत होता की हा चालणार नाही. साहेब विचारतील कधीपासून, आणि रजिस्टरात बुधवारची तारीख पडलीय. बुधवारी मी कुठं होतो म्हणून सांगू?

मेंबर परत आला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आजच्या दिवस खरा आजारी नको, सरकार. साहेब गेले की पहिला नंबर तुमच्या मुलाचा. माझा शब्द.”

त्याच वेळी बाहेर सडकेवर साडेनऊची गाडी येऊन थांबली. तिचं इंजिन घरघरत होतं. सून दारातून गाडीकडे बघत होती, मग तिनं सासऱ्याकडे पाहिलं. छिन्नी कोळशात होती, आणि काय उडालंय हे या तिघांत एकट्या म्हाताऱ्याला माहीत होतं. ‘चढा’ एवढा एक शब्द पुरला असता. पण साहेब दहाला येणार होते, आणि दहाला अर्धाच तास होता. गाडी गेली.

नवराबायकोला मागच्या बाजूला नेऊन बसवलं. तिथं बारा आजाऱ्यांचं आणि साहेबांच्या मंडळींचं जेवण शिजत होतं. ओली लाकडं धुमसत होती. धूर त्या बोळकांडीतून बाहेर जायला वाट नव्हती, आणि त्या धुरात, आचाऱ्याच्या पाटावर, गावातला एकच खरा रोगी भिंतीकडे तोंड करून बसला. बायको पदरानं वारा घालत होती. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. जाता येता लोक तिला सांगत होते, ताई, थोडं सरकून बसा, पातेलं न्यायचंय.

दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. खाटांवरचे आजारी पत्ते खेळून कंटाळले आणि खरंच झोपले. म्हातारा पांढऱ्या चादरीवर ताठ पडून होता. इतक्या मऊ गादीवर तो जन्मात झोपला नव्हता. भिंतीपलीकडून मध्येच सुनेचा आवाज येई, “थोडं पाणी घ्या.” मुलाचा आवाज एकदाही आला नाही. साठ वर्षं ज्याची बाजू घेतली ते सरकार येण्याची वाट म्हातारा पाहत होता. त्याला दम लागला, आणि या वेळी तो वाटून दिलेला नव्हता.

दोन वाजता तीन मोटारी आल्या. साहेब जाडजूड, हसतमुख, रुमालानं मान पुसणारे. त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी होती, तिच्या हातात छापील कागद लावलेली पाटी. मेंबरनं सांगितल्याप्रमाणे मंडळी पहिल्या खाटेशी थांबली. डॉक्टरनं डोळ्यानं खूण केली. म्हातारा खोकला. खोकला लांबत गेला आणि साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली.

मुलीनं खाली वाकून विचारलं, “आजोबा, इथल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? तीन उत्तरं आहेत. पूर्ण समाधानी, समाधानी, असमाधानी. त्यातलं एक सांगायचं.”

तिचा आवाज चांगला होता. तिनं ‘आजोबा’ म्हटलं, वाकून म्हटलं. म्हाताऱ्याला वाटलं, हिला सांगितलं तर ती ऐकेल. त्यानं चादर बाजूला केली आणि पाय खाली सोडले.

“मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “या बारांत कोणालाच काही झालेलं नाही. आजारी माणूस मागं चुलीपाशी बसवलाय.”

 न्हाव्यानं घोरणं थांबवलं. मग डॉक्टर हसून म्हणाला की वय झालंय, ताप डोक्यात गेला की असं होतं. म्हातारा त्याच्याकडे न बघता सरळ मागच्या दारानं गेला आणि मुलाला हाताला धरून आत घेऊन आला. दोन खाटांच्या रांगांमधून, साळसूद चेहरे करून पडलेल्या अकरा आजाऱ्यांच्या मधून, धुरानं बरा डोळाही लाल झालेला त्याचा चाळिशीचा मुलगा ठेचाळत चालत आला. साहेबांच्या पुढ्यात उभं करून म्हाताऱ्यानं त्याचं फडकं सोडलं.

“बुधवारी आलो होतो. डॉक्टर नव्हते. आज आहेत, तर म्हणतात खरा आजारी नको. साहेब, तुम्ही तरी बघा.”

मुलगी एक पाऊल मागं सरली. साहेबांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही आणि आश्चर्यही आलं नाही.  घड्याळ बघून ते डॉक्टरला हळू म्हणाले, याचं पाहून घ्या. मग मेंबरकडे वळले.

“एवढं सगळं कशाला करत बसलात? पाच खाटा भरल्या असत्या तरी चाललं असतं.”

आणि ते जेवायला गेले.

साहेबाला ठाऊक होतं. येतानाच ठाऊक होतं. म्हातारा तिथंच उभा राहिला. आजवर त्याला वाटे की खालचे लोक वरच्यांना फसवतात, म्हणून गरिबाचं काम अडतं. वरच्याला एकदा कळू दे, की झालं. आता वरच्याला कळलं होतं, आणि तो भात कालवत होता. फसवलं जाणारं असं या दवाखान्यात कोणी होतं तर ते खाटेवरून उठून उभं राहिलेलं हे म्हातारं.

डॉक्टरनं मुलाला खोलीत नेलं. डोळ्याचा नवा दिवा टेबलावर होता. त्याचा बल्ब वेगळ्या खोक्यातून यायचा होता, तो आला नव्हता. त्यानं बॅटरी लावली, नर्सबाईनं पापणी धरली. डॉक्टर दाराकडे बघत बघत वाकला. तो काही राक्षस नव्हता, नुसता भित्रा होता. पण भित्र्याच्या हाती दवाखाना दिला तर राक्षसाची गरज उरत नाही. तो म्हणाला की आत लोखंड असावं, पू झालाय, आत्ताच्या आत्ता शहरात न्या. सुनेनं विचारलं, गाडी? दवाखान्याला पांढरी गाडी होती, तिच्यावर लाल खूण होती. ती गाद्या परत पोचवायला निघायची होती, मेंबरला संध्याकाळी लग्नाला गाद्या हव्या होत्या.

ते साडेतीनच्या गाडीसाठी सडकेवर उभे राहिले. पाटीवाली मुलगी मोटारीशी एकटीच उभी होती. सुनेनं तिला गाठलं आणि विचारलं, सासऱ्यांनी सांगितलेलं लिहिलंत ना? मुलगी म्हणाली, त्यांनी तीनपैकी एकही उत्तर दिलं नाही, आणि ते आजारीही नव्हते. त्यामुळं साहेबांनी पहिली खाट रिकामी दाखवायला सांगितलीय. बाकीचे अकरा पूर्ण समाधानी आहेत.

सून हसली. तिचं ते हसू म्हाताऱ्यानं पाहिलं आणि मान फिरवली.

शहरचा दवाखानाही सरकारीच होता. जिन्यात माणसं झोपलेली, नळ गळत होता, पण चष्मा लावलेली एक पोक्त डॉक्टरीण होती आणि तिनं रांगेतून मुलाला बोलावून घेतलं. पहाटे तिनं त्याला टेबलावर घेतलं. दोन तासांनी बाहेर येऊन ती तिथंच बाकावर बसली, कारण तिचेही पाय दुखत होते. तिनं सरळ सांगितलं की डोळा काढावा लागला. ठेवला असता तर दुसराही गेला असता. मग तिनं विचारलं की कधी लागलं होतं, आणि ऐकून म्हणाली, गुरुवारी आणला असता तर मी बहुतेक वाचवला असता.

गुरुवार.  सून पिशवीतला कपडा काढून भिजवायला नळावर गेली, आणि तिथं बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

म्हातारा मुलाच्या खाटेशी बसला. इथंही सरकारच होतं, आणि या बाईला पाहून सायकलवाला आठवावा अशीच ती होती. म्हणजे तोही खरा, आणि चुलीमागचा धूरही खरा. कोणत्या सरकारवर विश्वास ठेवायचा हे आधी कसं ओळखायचं, ते कोणी सांगत नाही. गरिबाला ते डोळा देऊन शिकावं लागतं.

“छिन्नीची झालर मी तोडली नव्हती,” तो मुलाला म्हणाला. “गुरुवारी मला कळलं. सांगितलं नाही.”

मुलगा म्हणाला, “कामात व्हायचंच, आबा. छिन्नीनं गेला डोळा.”

“छिन्नीनं जखम झाली,” म्हातारा म्हणाला. “डोळा माझ्या भरवशानं गेला.”

मुलानं त्यावर नाही म्हटलं नाही. त्यानं नुसता हात पुढं केला आणि बापाचं मनगट धरलं. म्हाताऱ्याला वाटलं, यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मुलगा पुन्हा अंगणात बसला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. हातोडा छिन्नीच्या डोक्याऐवजी अंगठ्यावर बसे, नख काळं होई, तो अंगठा तोंडात धरे आणि पुन्हा हातोडा उचले. कड वाकडी जाऊ लागली तशी सून शेजारी बसून बोटानं रेघ दाखवू लागली. म्हातारा रोज संध्याकाळी सगळ्या छिन्न्यांची डोकी साफ करी. आणि रोज सकाळी, काही न बोलता, तो दवाखान्याकडे चालू लागे.

दवाखान्यासमोर कठडा होता, त्यावर तो साडेआठला जाऊन बसे. आजारी माणसं येत. शिपाई सवयीनं सांगे, डॉक्टर येतील, बसा. म्हातारा कठड्यावरून सांगे, डॉक्टर नाहीत, साडेनऊची गाडी पकडा. डॉक्टर असले तर तेही तो सांगे, आहेत, जा आत. असे दिवस आठवड्यातून एखादा. नर्सबाई त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करी आणि जाताना त्याच्याजवळ हळूच सांगून जाई, उद्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मेंबर आला. या वेळी रुमाल टाकून बसला नाही. निवडणूक तोंडावर आली होती. तो म्हणाला की तुमच्यासारख्या माणसानं हे करावं याचं वाईट वाटतं. मुलासाठी मी अर्ज करतोय, काहीतरी मिळवून देईन. पण तुम्ही इथं बसून लोकांचा सरकारवरचा विश्वास उडवताय.

“मी कोणाचा काही उडवत नाही,” म्हातारा म्हणाला. “मी गाडीची वेळ सांगतो.”

मेंबर म्हणाला, सरकारी आवारात बसायला परवानगी लागते. म्हातारा उठला, सडकेच्या कडेला चार पावलं सरकला आणि तिथं बसला.

मेंबर निघून गेला आणि तेवढ्यात लांबून एक बाई धावत आली. वरच्या वाडीवरची असावी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. तिच्या खांद्यावर तान्ही मुलगी होती आणि मुलीची मान गळून पडली होती. बाईनं दारात शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, येतील, बसा. ती ओसरीवर टेकली, पदरानं घाम पुसला आणि मुलीला मांडीवर घेतलं. आता आपण पोचलो, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. ते सुटकेचं तोंड म्हाताऱ्यानं ओळखलं. साठ वर्षं तो तेच घेऊन हिंडला होता.

“येणार नाहीत,” तो सडकेवरून म्हणाला. “उठ पोरी. गाडी येतेय.”

बाई गोंधळली. तिनं खाकी कपड्यातल्या शिपायाकडे पाहिलं, मग धुळीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे. “ते तर म्हणतात येतील.”

“मीही तेच म्हणालो होतो,” म्हातारा म्हणाला. “माझ्या मुलाचा डोळा गेला.”

 बाई उठली. वळणावर गाडीचा आवाज आला, पण आज गाडी आधीच भरून वाहत होती आणि भरली की ती इथं थांबत नसे. म्हातारा दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, सडकेच्या मधोमध गेला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. म्हातारा हलला नाही. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली, आणि बाई चढेपर्यंत तो तसाच उभा राहिला.